गुरांच्या रोगांचा शोध आणि खेड्यातील शाळा

कल्याणचे नाव घेतले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रेल्वेचे मोठे जंक्शन, गर्दीचे फलाट आणि चाकरमान्यांनी भरलेल्या गाड्या उभ्या राहतात. परंतु कल्याण तालुका शहराच्या वेशीपाशी संपत नाही. उल्हास, काळू आणि भातसा या नद्यांच्या आश्रयाने गोवेली, रायते, खडवली या बाजूंस आजही भाताची शेती आहे, गोठ्यात गाय-बैल आहेत, परसात शेळ्या-कोंबड्या आहेत. पुढे मुरबाड-शहापूरच्या डोंगराळ मुलखात मुसळधार पावसाला न डगमगणारी डांगी गुरे आढळतात. तर शहराच्या कडेने दुधाच्या म्हशींचे तबेले आहेत आणि त्यांत परप्रांतांतून आणलेली जनावरे सतत नव्याने दाखल होत असतात. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन कोकणात उतरतात, पौषी पौर्णिमेला म्हसे येथे यात्रेनिमित्त मोठा बैलबाजार भरतो. म्हणजे जनावरांची ये-जा या भागात बारमाही आहे, आणि जेथे जनावर जाते तेथे त्याचा रोगही जातो.

शेतकऱ्याच्या घरी जनावर आजारी पडले म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो ‘काय द्यावे?’ असा. ‘काय झाले आहे?’ हा प्रश्न मागाहून येतो, आणि पुष्कळदा येतच नाही. शेजारी एक औषध सुचवितो, दुकानदार दुसरे देतो, कोणी जाणता म्हातारा डाग देण्याचा सल्ला देतो, आणि या धावपळीत ज्या पहिल्या दिवसात रोग ओळखता आला असता तो दिवस निघून जातो. पशुवैद्यकाच्या शास्त्रात उपचाराइतकेच, किंबहुना उपचारापेक्षा अधिक, महत्त्व रोगाच्या तपासाला का दिले जाते, हे खेड्यातील शिक्षकाला नीट समजले, तर त्याच्या शब्दाला गावात जो मान आहे त्याचा फार मोठा उपयोग होण्यासारखा आहे. शिक्षकाने गुरांचा वैद्य व्हावे, असा याचा अर्थ मुळीच नाही.

तपासाची गरज कोठे पडते हे एका साध्या उदाहरणावरून पाहावे. म्हशीच्या गळ्याखाली सूज आली आहे. ही सूज घटसर्पाची असू शकते. घटसर्प हा जंतुजन्य रोग असून पावसाळ्याच्या तोंडाशी व पावसाळ्यात तो अधिक उद्भवतो. गायी-बैलांपेक्षा म्हशींना तो अधिक मारक ठरतो. जनावराला एकाएकी मोठा ताप भरतो, गळ्याची सूज गरम व दुखरी असते, श्वास घेताना घरघर ऐकू येते, आणि पुष्कळ वेळा एका दिवसाच्या आत जनावर दगावते. येथे प्रत्येक तासाला किंमत आहे. पहिल्या काही तासांत योग्य प्रतिजैविक टोचले तर जनावर वाचण्याची आशा असते. सूज वाढून श्वास कोंडू लागल्यावर ती आशा फारशी उरत नाही.

परंतु गळ्याखाली सूज येण्याचे दुसरेही एक कारण भाताच्या मुलखात सर्रास आढळते. यकृतात राहणारे पानासारखे चपटे कृमी जनावराचे रक्त हळूहळू कमी करीत जातात. त्यांच्या जीवनक्रमाचा एक भाग पाण्यातल्या लहान गोगलगायींच्या शरीरात पार पडतो. तेथून बाहेर पडून ते पाण्याकाठच्या गवताला चिकटून बसतात, आणि ते गवत खाणाऱ्या जनावराच्या पोटात जातात. भातखाचरे, तळी, ओहोळाचे काठ ही त्यांची आवडती ठिकाणे होत. अशा जनावराच्या जबड्याखालीही सूज येते. मात्र ती थंड असते, दाबल्यास दुखत नाही, बोटाने दाबले तर खळगा पडतो, आणि दिवसभर मान खाली घालून चरल्यावर पुष्कळदा ती वाढलेली व रात्रीतून थोडी ओसरलेली दिसते. ताप नसतो. जनावर काही आठवड्यांपासून खंगत आलेले असते, त्याच्या पापणीची आतली बाजू पांढुरकी पडलेली असते.

एकच जागा, एकच सूज. पण एका रोगात आज दुपारपर्यंत सुई टोचली पाहिजे आणि दुसऱ्यात शेण तपासून जंताचे औषध दिले पाहिजे. घटसर्पाच्या म्हशीला जंताचे औषध पाजीत बसले तर ती संध्याकाळ पाहणार नाही. कृमी झालेल्या म्हशीला प्रतिजैविकांच्या सुया टोचल्या तर पैसे जातील आणि म्हैस खंगतच राहील. म्हणून लक्षण म्हणजे रोग नव्हे, हे पहिले सूत्र वरच्या वर्गांतील मुलांनाही शिकविण्याजोगे आहे. ताप आहे की नाही, सूज गरम आहे की थंड, ती केव्हा आली, एकाच जनावराला आली की गोठ्यातील इतरांनाही, एवढे चार प्रश्न विचारले तरी तपासाची अर्धी वाट चालून होते.

लाळेच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो, आणि तो माणसाच्या जिवावर बेतू शकतो. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत असल्या की लोक सहसा लाळ-खुरकूत म्हणून मोकळे होतात. ती असेलही. लाळ-खुरकुतीत जिभेवर, हिरड्यांवर फोड येऊन फुटतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात, जनावर लंगडते, आणि एका जनावरापासून दोनचार दिवसांत सारा गोठा आजारी पडतो. परंतु एकच जनावर लाळ गाळीत आहे, त्याच्या पायाला काही झालेले नाही, त्याला गिळता येत नाही, त्याचा आवाज बदलला आहे, ते उगाच हंबरते, अंगावर धावून येते किंवा मागच्या पायांत लुळे पडत चालले आहे, अशा वेळी ते पिसाळले असण्याची शंका घेतलीच पाहिजे. काही आठवड्यांपूर्वी, क्वचित काही महिन्यांपूर्वी, कुत्रा चावल्याचे घरच्यांना आठवतेच असे नाही. घशात आंब्याची कोय वा काटा अडकला असेल असे समजून घरातील कर्ता माणूस त्याच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो. हाताला लहानसा ओरखडा असला तरी लाळेतील विष त्यातून शरीरात शिरू शकते. हा रोग एकदा प्रकट झाला की माणसाला वा जनावराला वाचविणारा उपाय हाती नाही; मात्र संपर्क येताच जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तातडीने सरकारी दवाखान्यात लस घेतली तर माणूस वाचतो. गिळता न येणाऱ्या जनावराच्या तोंडात उघडा हात घालू नये, एवढे एक वाक्य शाळेतून प्रत्येक घरी पोचले पाहिजे.

तिसरा प्रसंग अचानक मृत्यूचा. संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चरलेला बैल पहाटे गोठ्यात मेलेला आढळतो. ‘पान लागले असावे’ असे म्हणून लोक सापाच्या माथी दोष मारतात. साप चावलेला असू शकतो, वीज पडलेली असू शकते, विषारी पाला वा फवारणीचे औषध पोटात गेलेले असू शकते. परंतु नाकातून, तोंडातून किंवा शेणाच्या वाटेने काळपट, न गोठणारे रक्त आलेले असेल, पोट भराभर फुगले असेल आणि शरीर नेहमीसारखे ताठरलेले नसेल, तर तो फाशी रोग असण्याचा संभव धरला पाहिजे. हाच रोग माणसाला झाला म्हणजे त्याला काळपुळी म्हणतात; कातडीवर आलेल्या फोडाची न दुखणारी काळी खपली होते म्हणून हे नाव पडले.

या रोगाच्या जंतूची एक खोड विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मेलेल्या जनावराच्या न उघडलेल्या शरीरात कुजण्याच्या क्रियेमुळे हे जंतू पुष्कळ अंशी मरून जातात. परंतु शव फाडले, कातडे सोलले, रक्त जमिनीवर सांडले, की हवेच्या संपर्काने ते स्वतःभोवती कठीण कवच निर्माण करतात. अशा कवचबद्ध स्थितीत ते मातीत अनेक दशके टिकून राहतात आणि पुढे कधीतरी त्या जागी चरणाऱ्या गुराच्या पोटात जातात. म्हणजे आज एका कातड्याच्या मोहाने केलेली चूक नातवाच्या गुरांना भोवते. म्हणूनच अशा जनावराचे शवविच्छेदन पशुवैद्यकही करीत नाहीत. कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. जनावर मेल्याचा घरात आधीच घाव बसलेला असतो, त्यातून निदान कातड्याचे चार पैसे तरी सुटावेत, अशी गरीब माणसाची इच्छा होणे अगदी स्वाभाविक आहे. काही ठिकाणी मांसही वाटून घेतले जाते. अशा लोकांना अडाणी म्हणून हिणविण्यात काहीच अर्थ नाही. मातीत आणि मांसात काय राहते हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. ज्यांनी असे शव हाताळले असेल त्यांनी फोडाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे, कारण वेळेवर घेतलेल्या प्रतिजैविकांनी काळपुळी बरी होते.

येथवर एकेका जनावराचा विचार झाला. साथीच्या तपासात मात्र एका जनावरापेक्षा कळपाचा हिशेब अधिक बोलका असतो, आणि हिशेब ही तर शाळेची हक्काची गोष्ट आहे. समजा, एका पाड्यावर ४० जनावरे आहेत. त्यांपैकी १० आजारी पडली आणि त्या १० पैकी ४ दगावली. आजाराचे प्रमाण शेकडा २५ झाले आणि आजारी जनावरांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा ४० झाले. हे दोन आकडे वेगळे ठेवणे हीच गोम आहे. लाळ-खुरकुतीत आजारी पडणाऱ्यांची संख्या फार मोठी आणि मोठ्या जनावरांत मरणाऱ्यांची थोडी असते. मात्र दूध पिणारी वासरे हृदयावर आघात होऊन एकाएकी मरतात. फऱ्या रोगात याच्या उलट दिसते: आजारी पडतात थोडीच, पण पडलेली बहुतेक मरतात, आणि तीही सहा महिने ते दोन वर्षे वयाची, चांगली पोसलेली तरणी जनावरे. मांडीवर वा खांद्यावर आलेली सूज दाबली असता चरचर असा आवाज येतो. म्हणजे रोगाचे नाव ठाऊक नसतानाही किती आजारी, किती मृत, कोणत्या वयाचे, या आकड्यांवरून दिशा कळते. शेकडेवारीचे गणित शिकविताना आंब्याच्या पेट्यांऐवजी कधी गावच्या गोठ्याचा हिशेब मांडला, तर मुलांना तो अधिक आपला वाटेल.

अशा हिशेबाचे सर्वांत मोठे फळ कोणते, हे बुळकांडीच्या इतिहासात दिसते. आजच्या तरुण शेतकऱ्याने बुळकांडी पाहिलेली नाही; त्याच्या आजोबांना ती विचारावी. ताप, तोंडात चट्टे, डोळ्यांतून पू, दुर्गंधीयुक्त हगवण, आणि आठवडाभरात मृत्यू. गोठेच्या गोठे रिकामे होत. आफ्रिका खंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या रोगाने माणसांवरही दुष्काळ आणला. हिंदुस्थानात गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या आयोगाने १८७१ मध्ये आपला अहवाल दिला. पुढे १८८६ मध्ये मुंबईस परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, आणि १८८९ मध्ये पुणे येथे गुरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली. अल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख होते. इतक्या सांसर्गिक रोगाचे जंतू दाट वस्तीच्या शहरात बाळगणे धोक्याचे म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयाच्या कुशीत मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. तेथेच १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी भेट दिली, आणि तेथेच विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात एडवर्ड्स यांनी शेळ्यांच्या शरीरातून रोगविष पुन्हा पुन्हा नेऊन ते सौम्य करण्याची व त्यापासून लस बनविण्याची रीत बसविली.

रोगाला देशाची सीमा कशी नसते याचा दाखलाही याच रोगाने दिला. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली गुरे वाटेत बेल्जियममधील अँटवर्प बंदरात थांबली, आणि त्यांच्यामार्फत बुळकांडी तेथील गुरांत पसरली. या धक्क्यातून १९२४ मध्ये पॅरिस येथे जनावरांच्या साथींची माहिती देशोदेशी कळविणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. साथ लपवायची नाही, कळवायची, हे तिच्या स्थापनेमागचे तत्त्व होते. भारतात १९५४ पासून बुळकांडी निर्मूलनाचे संघटित प्रयत्न सुरू झाले व कोट्यवधी जनावरांना लस टोचण्यात आली. तरी शेवटचा टप्पा केवळ लसीने गाठला गेला नाही. १९९५ मध्ये देशातील अखेरची लागण झाल्यानंतर लस थांबविण्यात आली आणि कर्मचारी गावोगाव, तसेच गुरे नेण्याच्या वाटांवर फिरून तोंडात चट्टे व हगवण असलेले जनावर कोठे आहे काय, याची विचारपूस करीत राहिले. लस चालू ठेवली असती तर लपून राहिलेला रोग दिसलाच नसता. अशा वर्षानुवर्षांच्या शोधानंतर २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये हा रोग जगातूनच नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर जगातून समूळ गेलेला हा दुसराच रोग होय.

तपासाची आजची वाट साधारणतः अशी असते. गावातून खबर मिळते, पशुधन विकास अधिकारी येतात, जनावर पाहतात, विचारपूस करतात आणि रक्त, शेण, नाकातील स्राव किंवा जखमेवरची खपली यांचे नमुने घेतात. ते बर्फाच्या पेटीत ठेवून पुण्यास औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठविले जातात. काही विशेष रोगांच्या बाबतीत अखेरचा निर्वाळा भोपाळ येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेकडून मिळतो. औंध येथेच लसी तयार करणारी राज्याची संस्था १९४७ पासून आहे. आता या साऱ्या यंत्रणेत कच्चा दुवा कोणता? प्रयोगशाळा नव्हे, गाव आणि दवाखाना यांमधला काळ हा कच्चा दुवा आहे. उन्हात मेलेले जनावर काही तासांत कुजू लागते आणि कुजलेल्या भागातून जंतू ओळखणे अवघड होते. तसेच, कोणी आधीच प्रतिजैविकाची सुई टोचलेली असेल तर जनावर बरे होत नाही ते नाहीच, शिवाय नमुन्यात जंतूही सापडत नाहीत. म्हणून आधी काय औषध दिले हे डॉक्टरांना न लाजता सांगितले पाहिजे. पुष्कळ लोक रागावतील म्हणून हेच लपवितात.

जवळचे उदाहरण शहापूर तालुक्यातील वेहळोलीचे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील एका कुक्कुटपालन केंद्रात सुमारे शंभर कोंबड्या दगावल्या. नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले आणि पक्ष्यांचा इन्फ्लुएंझा म्हणजे बर्ड फ्लू असल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर भोवतालच्या एक किलोमीटर परिसरातील कोंबड्या नष्ट करण्याचा कठोर उपाय योजावा लागला. ज्यांच्या कोंबड्या निरोगी दिसत होत्या त्यांना हा अन्यायच वाटला असणार. परंतु या रोगात आजारी पक्ष्यावर उपचार करीत बसणे हा मार्गच नाही. रोगाची वाट तोडणे हाच उपचार. कोणत्या रोगात सुई आणि कोणत्या रोगात हद्दबंदी, हे ठरविण्याचा अधिकार म्हणूनच तपासाच्या निकालाला द्यावा लागतो.

त्याच वर्षी लम्पी चर्मरोगाने सारा महाराष्ट्र हादरविला. हा रोग प्रथम १९२९ मध्ये आफ्रिकेतील झांबियात आढळला, भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात आला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून त्याची मोठी लाट उठली. ठाणे जिल्हाही त्यातून सुटला नाही. अंगभर गाठी, ताप, पायांवर सूज ही त्याची लक्षणे. चावणाऱ्या माश्या, डास व गोचिडी त्याचा प्रसार करतात. गायी-बैलांना तो अधिक होतो, म्हशींना कमी. शासनाने गुरांचे बाजार बंद केले, विनामूल्य लसीकरण केले, आणि मृत जनावरांसाठी गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार व वासराला १६ हजार रुपये अशी मदत ठरविली. या साथीत रोगाइतकीच अफवांनी हानी केली. हा रोग माणसाला होत नाही. तरी दूध घेणे लोकांनी सोडले. अशा वेळी गावात जो मनुष्य वर्तमानपत्र नीट वाचून खरे तेवढे सांगतो, तो बहुधा शिक्षक असतो.

उपचारांविषयी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण वैद्य येईपर्यंत घरचे लोक हात जोडून बसणार नाहीत. आजारी जनावर वेगळे बांधावे. त्याचे पाणी, वैरण, दावे वेगळे ठेवावे. निरोगी जनावरांचे काम आधी उरकून आजाऱ्याकडे मागाहून जावे. लाळ-खुरकुतीत तोंड तुरटीच्या किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुवावे, मऊ हिरवा चारा किंवा पेज द्यावी, खुरे स्वच्छ धुऊन माशा बसू देऊ नयेत. बांबूच्या नळीने वा बाटलीने औषध पाजताना जीभ ओढून मान उंच ताणण्याची जी रीत आहे ती सोडावी. औषध फुप्फुसात जाऊन त्यानेच जनावर मरते. गळा सुजलेल्या किंवा ज्याला गिळता येत नाही अशा जनावराला तोंडाने काहीच पाजू नये. डाग देण्याने एकही साथीचा रोग बरा होत नाही. जखम होते, तीत अळ्या पडतात, आणि जनावर दोन दुखणी एकदम सोसते. एकाच रानात चरलेल्या दोनतीन जनावरांचे डोळे पिवळे झाले, अंगाचा पांढरा भाग उन्हाने भाजल्यासारखा सोलवटला, तर साथ म्हणून घाबरण्यापूर्वी त्यांनी घाणेरी, म्हणजे टणटणी, खाल्ली काय ते पाहावे. अशा जनावरांना सावलीत बांधणे हा पहिला उपाय आहे.

प्रतिबंधक लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घेतल्या म्हणजे घटसर्प व फऱ्या यांचे भय पुष्कळ कमी होते. लाळ-खुरकुतीची लस दर सहा महिन्यांनी द्यावी लागते. एकदा दिली की झाले, असा समज चुकीचा आहे. सांसर्गिक गर्भपाताची लस मात्र चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना एकदाच देतात. लस टोचल्यावर एकदोन दिवस दूध कमी येते, म्हणून लोक टाळाटाळ करतात. एका वेळच्या दोन लिटरांसाठी म्हैस पणाला लावणे परवडते काय, हे त्यांच्याशी बसून हिशेबाने बोलावे. उपदेशाने हे काम होत नाही.

आता शाळेकडून नेमके काय व्हावे? शिक्षकांवर शाळेबाहेरच्या कामांचे ओझे थोडे नाही. गणना, याद्या, निवडणुका यांत त्यांचा पुष्कळ वेळ जातो, आणि त्यात आणखी एक तक्ता घालण्याचा येथे हेतू नाही. परंतु गुरांमागे रानात जाणारी, शेळ्या राखणारी, पहाटे गोठा झाडणारी मुले त्यांच्या समोरच बसलेली असतात. गावात कोठे काय घडले हे सरपंचांच्या आधी त्यांना ठाऊक होते. सोमवारी वर्ग भरताना ‘कोणाच्या घरी जनावर आजारी आहे काय? कोणाचे मेले काय?’ एवढे विचारले आणि उत्तर आले तर तारीख, पाडा, जनावराचा प्रकार व वय, काय दिसले, किती जनावरांना, नवे जनावर अलीकडे आणले काय, एवढे वहीच्या एका ओळीत टिपून ठेवले, तर साथ आलीच तेव्हा त्या ओळी पशुवैद्यकाला सोन्यासारख्या वाटतील. बहुतेक साथींत पहिले जनावर कोणते आणि केव्हा, हेच कोणाला सांगता येत नाही. मुलांचे नाव घेऊन मात्र चारचौघांत काही बोलू नये. ज्याच्या गोठ्यात रोग निघाला त्याचे दूध बंद होते, बाजार बंद होतो. त्याच्या पोराने शाळेत सांगितल्यामुळे हे झाले अशी समजूत झाली, तर पुढच्या वेळी कोणीच सांगणार नाही.

कळविण्याची रीत कायद्यानेही घालून दिली आहे. जनावरांतील सांसर्गिक रोगांचा प्रतिबंध व नियंत्रण करणाऱ्या २००९ च्या अधिनियमानुसार, अनुसूचित रोगाची शंका येताच मालकाने ग्रामपंचायतीला किंवा गावपातळीवरील अधिकाऱ्याला कळविणे आणि आजारी जनावर वेगळे ठेवणे बंधनकारक आहे. तेथून ती खबर पशुवैद्यकाकडे जाते. फाशी, पिसाळ, लाळ-खुरकूत, लम्पी हे त्यातलेच रोग होत. शिक्षकाने मालकाला ग्रामपंचायतीकडे नेले किंवा त्याच्या देखत १९६२ या विनामूल्य क्रमांकावर दूरध्वनी करून दिला तरी पुरे. याच क्रमांकावरून फिरते पशुवैद्यकीय पथक मागविता येते. दूरध्वनी करताना जनावराच्या कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक हाताशी असावा. बिल्ला नसेल तर लसीची नोंद सापडत नाही, आणि जनावर दगावल्यास मदतीचा अर्ज करतानाही अडचण येते. म्हणून हा क्रमांक घरातील एखाद्या वहीत मुलांकडून लिहून ठेवावा. आकडे नीट वाचून उतरविणे हा चौथीच्या मुलांना उत्तम सरावही आहे.

मेलेल्या जनावराजवळ मुलांनी जाऊ नये, त्याला काठीने डिवचू नये, कुत्र्यांना तेथे येऊ देऊ नये, आणि पशुवैद्यक सांगेपर्यंत ते नदीत वा ओहोळात लोटू देऊ नये. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबई-ठाणे परिसरात हजारो जनावरे मेली व त्यांची विल्हेवाट लावणे हेच एक मोठे संकट होऊन बसले, हे अजून अनेकांच्या स्मरणात आहे. शव पाणवठ्यापासून दूर, कुत्र्या-कोल्ह्यांना उकरता येणार नाही अशा खोल खड्ड्यात पुरावे. फाशीची शंका असल्यास न उघडता जागच्या जागी, पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली जाळावे किंवा पुरावे, आणि त्या जागेभोवती कुंपण घालून तेथे गुरे चरू देऊ नयेत. खड्ड्याची जागा गावच्या नकाशावर खूण करून ठेवावी, म्हणजे पुढे कोणी तेथे विहीर वा गोठा घालणार नाही.